मार्च मॅडनेसचा पूल: पहिल्या गुरुवारच्या आत सगळं ठरवून टाका

प्रश्न: आम्ही एडिसन (न्यू जर्सी) आणि आसपास राहणारे २२ जण. गेल्या मार्चमध्ये पहिल्यांदाच ‘मार्च मॅडनेस’ या कॉलेज बास्केटबॉलच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा पूल केला (सगळ्यांनी निकालांचे अंदाज द्यायचे, जास्त गुणांना बक्षीस), माणशी १० डॉलर. सगळ्यांनी कागदावर ब्रॅकेट (प्रत्येक सामना कोण जिंकेल याचा तक्ता) भरून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले, गुण दर फेरीला दुप्पट ठेवले आणि हिशेब मी एक्सेलमध्ये केला. एकाचा फोटो गुरुवारी संध्याकाळी आला. तो म्हणतो, भरून आधीच ठेवलं होतं. दोघांची वर्गणी शेवटपर्यंत आली नाही. पहिल्या नंबरावर दोघांचे गुण सारखे झाले आणि पुढे काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तर ग्रुपवर शुकशुकाट होता. निम्म्यांना क्रिकेटपलीकडे फारसं कळत नाही, म्हणून अपसेटला (दुबळ्या संघाने वरचढ संघाला हरवलं तर) जादा गुण द्या असं काहीजण म्हणतात. एका मैत्रिणीची मुलगी कॉलेजच्या पोहण्याच्या संघात आहे, तिलाही खेळायचंय. पुण्यातला एक मित्रही मागे लागलाय. यंदा भांडणं न होता हे कसं जमवावं?

उत्तर: तुमच्या पत्रातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. जे आधी ठरवायला हवं होतं ते सामने सुरू झाल्यावर ठरवावं लागलं. तोवर प्रत्येक निर्णयात कुणाचा फायदा आणि कुणाचं नुकसान हे सगळ्यांना दिसायला लागलेलं असतं, त्यामुळे तुम्ही कितीही सरळपणे वागलात तरी कुणीतरी दुखावतंच. पूल चालवणाऱ्याचं खरं काम स्पर्धेच्या आधीचं. पहिल्या गुरुवारी दुपारी बारानंतर तुमच्याकडे ठरवण्यासारखं काहीही उरता कामा नये.

वेळ किती कमी असतो ते आधी बघा. संघ आणि त्यांची मानांकनं (चार गटांत प्रत्येकी १ ते १६) रविवारी संध्याकाळी जाहीर होतात आणि गुरुवारी दुपारी, ईस्टर्न वेळेनुसार सव्वाबाराच्या सुमारास, पहिल्या फेरीचा पहिला सामना सुरू होतो. मध्ये जेमतेम साडेतीन दिवस, तेही कामाचे. नियम, वर्गणी, अ‍ॅपची लिंक हे सगळं त्या साडेतीन दिवसांत करायला गेलात तर गेल्या वर्षीसारखंच होणार. नियम आणि लिंक आदल्या आठवड्यातच पाठवा. त्या साडेतीन दिवसांत लोकांनी फक्त ब्रॅकेट भरायचं. मंगळवार-बुधवारी डेटनला (ओहायो) होणारे प्राथमिक सामने पूलमध्ये धरू नका. ब्रॅकेट ६४ संघांपासून सुरू होतं आणि ६३ सामन्यांत संपतं. डेटनच्या सामन्यांतून जो संघ येईल तो आपोआप त्या जागी बसतो, म्हणून ब्रॅकेट भरताना ती जागा ‘अमुक किंवा तमुक’ अशीच निवडायची. मात्र ती जागा म्हणजे हमखास हरणारा संघ असं लोकांना सांगू नका. २०११ साली व्हीसीयू आणि २०२१ साली यूसीएलए हे दोन्ही संघ अशा प्राथमिक सामन्यांतूनच निघून थेट शेवटच्या चारांत पोहोचले होते.

फोटो आणि एक्सेल यंदा बंद. ईएसपीएन, याहू, सीबीएस यांच्यापैकी कोणत्याही एका अ‍ॅपवर खासगी ग्रुप काढा. तिथे पहिला सामना सुरू होताच ब्रॅकेट आपोआप बंद होतं, मग ‘मी आधीच भरलं होतं’ हा वादच उरत नाही. ग्रुप काढण्याआधी एकच गोष्ट तपासा: तुम्हाला हवी ती गुणपद्धत तिथे बसवता येते का. येत नसेल तर दुसरं अ‍ॅप घ्या, पण गुण अ‍ॅपवर आणि दुरुस्त्या हाताने असं कडबोळं करू नका. ६३ सामने गुणिले २२ माणसं म्हणजे १३८६ नोंदी, त्यात चूक होणारच. ब्रॅकेटला खरं नाव द्यायची सक्ती करा. ‘किंगमेकर७’ नक्की कोण, हे तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात आठवणार नाही. गुरुवारी ब्रॅकेट बंद झालं की सहभागींच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका. माणशी एकच ब्रॅकेट ठेवा. दोन-तीन भरायची मुभा दिली की ज्याला जास्त पैसे घालायचे त्याची संधी वाढते, आणि मित्रांच्या पूलमध्ये ते बरं दिसत नाही.

आता गुणांचं. यावर सर्वांत जास्त विचार करा, कारण लोक किती दिवस खेळात राहतील हे इथेच ठरतं. तुम्ही वापरलेली १-२-४-८-१६-३२ ही पद्धत सगळ्यात प्रचलित आहे. पहिल्या फेरीत ३२ सामने म्हणून ३२ गुण, अंतिम सामना एकच पण त्याचेही ३२. सहा फेऱ्यांचे मिळून १९२. कागदावर समतोल वाटतं. पण ज्याने विजेता बरोबर ओळखला त्याला त्या एका संघाच्या सहा विजयांचे मिळून ६३ गुण मिळतात, म्हणजे एकूण गुणांचा जवळजवळ एकतृतीयांश वाटा. उलट ज्याचा विजेता पहिल्याच रविवारी बाद झाला, त्याच्या हातात पुढचे दोन आठवडे बघत बसण्याशिवाय काही राहत नाही. ग्रुपवर शुकशुकाट होण्यामागचं पहिलं कारण हेच.

याच्या दुसऱ्या टोकाला १-२-३-४-५-६. एकूण १२०, त्यात विजेत्याच्या वाटेचे फक्त २१. इथे पहिल्या दोन फेऱ्यांनाच १२० पैकी ६४ गुण जातात, म्हणून पहिल्या शनिवार-रविवारी जो पुढे निघाला त्याला गाठता येत नाही, आणि अंतिम सामन्यात चुरस उरत नाही. तुमच्यासारख्या मिश्र ग्रुपला २-३-५-८-१३-२१ ही पद्धत घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. एकूण २३१ गुण; फेरीनिहाय ६४, ४८, ४०, ३२, २६ आणि २१. विजेता ओळखणाऱ्याला त्याच्या वाटेचे ५२, म्हणजे साडेबावीस टक्के. विजेत्याला वजन राहतं, पण पहिल्या फेरीत मेहनत घेणाराही शेवटच्या आठवड्यापर्यंत शर्यतीत असतो.

अपसेटच्या जादा गुणांची मागणी चुकीची नाही, पण ती कशी बसवता यावर सगळं आहे. अनेक ग्रुप जिंकणाऱ्या संघाचं मानांकनच गुणांत मिळवतात. पाचव्या आणि बाराव्या मानांकनाच्या सामन्यावर हे लावून बघा. बारावा संघ साधारण शंभरात ३५ वेळा जिंकतो असं धरा. पाचवा निवडला तर २ अधिक ५, असे ७ गुण, मिळण्याची शक्यता ६५ टक्के, सरासरी ४.५५. बारावा निवडला तर २ अधिक १२, असे १४ गुण, शक्यता ३५ टक्के, सरासरी ४.९. म्हणजे संघांबद्दल काडीचंही माहीत नसताना चारही ठिकाणी डोळे मिटून बारावा संघ लिहिणं जास्त फायद्याचं! ज्याने हे गणित केलं तो जिंकतो आणि ज्याने सामने बघितले तो मागे पडतो. मानांकनांतला फरक बोनस म्हणून दिला तर प्रकार आणखी बिघडतो: बाराव्याला २ अधिक ७, असे ९, सरासरी ३.१५; पाचव्याला १.३.

बोनस द्यायचाच असेल तर फक्त पहिल्या फेरीत, फक्त दहाव्या किंवा त्याखालच्या मानांकनाचा विजय बरोबर ओळखल्यास, सरसकट १ गुण द्या. मग बाराव्याची सरासरी १.०५ आणि पाचव्याची १.३ होते. दहावे आणि अकरावे संघ शंभरात सुमारे ३९ वेळा जिंकतात, तिथे १.१७ विरुद्ध १.२२ असा इतका जवळचा मामला होतो की खरोखरच विचार करून निवडावं लागतं. नवव्याला बोनस देऊ नका. आठवा विरुद्ध नववा हा सामना जवळपास नाणेफेकच असतो, तिथे बोनस ठेवला की सगळेच नववा लिहितात. आणि हा बोनस अ‍ॅपमध्ये बसत नसेल तर सोडून द्या; त्याच्यासाठी पुन्हा एक्सेल उघडू नका.

बरोबरी. अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील, हा आकडा प्रत्येकाने ब्रॅकेटबरोबरच द्यायचा असतो. इथे दोन वाक्यं लिहायची राहतात आणि तिथेच गाडी अडते. पहिलं: सर्वांत जवळचा आकडा जिंकतो, वर असो वा खाली. दुसरं: जादा वेळेतले गुण धरायचे. २०१९ चा अंतिम सामना आठवा. व्हर्जिनिया आणि टेक्सस टेक नियमित वेळेअखेर ६८-६८ वर होते, म्हणजे एकूण १३६. जादा वेळेनंतर व्हर्जिनियाने ८५-७७ असा जिंकला, म्हणजे १६२. एकाने १४० लिहिलं असेल आणि दुसऱ्याने १६०, तर पहिल्या हिशेबाने पहिला जिंकतो आणि दुसऱ्या हिशेबाने दुसरा. असं झाल्यावर नियम ठरवायला बसलात तर दोघांपैकी एक जण तुमच्याशी वर्षभर बोलणार नाही. अंदाज सांगायचा तर नवख्यांना १३० ते १५५ च्या दरम्यान आकडा द्यायला सांगा: २०२१ ते २०२५ मध्ये बेरजा १५६, १४१, १३५, १३५ आणि १२८ होत्या. आकडाही सारखाच निघाला तर ज्याचे जास्त सामने बरोबर तो वर. तेही सारखे असतील तर बक्षीस निम्मं-निम्मं.

न झालेल्या सामन्याचाही नियम हवा. २०२१ साली ओरेगॉन विरुद्ध व्हीसीयू हा पहिल्या फेरीतला सामना कोविडच्या नियमांमुळे झालाच नाही आणि ओरेगॉन पुढे गेला. नियम एका ओळीचा: जो संघ पुढच्या फेरीत जातो तो जिंकला असं धरायचं. २०२० साली अख्खी स्पर्धाच रद्द झाली होती. तसं झालं तर सगळ्यांचे पैसे परत.

पैशांच्या बाबतीत भिडस्तपणा नको. भिशीत हप्ता आधी जमा होतो, तसंच इथे. ‘बुधवारी रात्री नऊपर्यंत वर्गणी नाही, तर ब्रॅकेट ग्रुपमधून काढलं जाईल’ हे नियमात लिहा आणि सव्वानऊला खरंच काढा. एकदा केलंत की पुढच्या वर्षी कुणी उशीर करत नाही. साध्या शीटवर नाव, ब्रॅकेटचं नाव, पैसे मिळाल्याची तारीख आणि कशाने मिळाले, एवढे चार रकाने पुरतात. ती शीट सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा. पैसे पाठवायला वेन्मो अ‍ॅप वापरत असाल तर व्यवहार खासगी करा. झेल या बँकांच्या सेवेने चुकीच्या नंबरावर गेलेले पैसे परत मिळवणं कठीण, म्हणून आपला नंबर लिहून पाठवा, तोंडी सांगू नका. तुमच्यापैकी कुणी मराठी मंडळ चालवत असेल तर त्या मंडळाच्या बँक खात्यातून हा व्यवहार अजिबात करू नका. मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर त्याच्या हिशेबात पैजेचे पैसे येणं ही नसती आफत आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात खेळांवरच्या सट्ट्याची केंद्रीय बंदी उठवली तो तुमच्या न्यू जर्सीचाच, पण त्यामुळे परवानाधारक कंपन्यांची वाट मोकळी झाली. मित्रांच्या पूलबद्दल प्रत्येक राज्याचे नियम वेगवेगळेच आहेत. दुसऱ्या राज्यातला कुणी घेताना तिथलं बघा. सगळीकडे पाळावी अशी गोष्ट म्हणजे आयोजकाने स्वतःसाठी एक पैसाही बाजूला काढायचा नाही, अगदी ‘पिझ्झ्याचे’ म्हणूनही नाही. जमले तेवढे सगळे वाटायचे. ऑफिसचा ईमेल वापरू नका. जिंकलेली रक्कम करपात्र असते, लहान असली तरी. विजेत्याला तेवढं सांगून ठेवा.

मैत्रिणीच्या मुलीला वर्गणी असलेल्या पूलमध्ये घेऊ नका. एनसीएएचा (कॉलेजमधले खेळ चालवणारी संघटना) नियम फक्त बास्केटबॉलपटूंना नाही. एनसीएएच्या कोणत्याही खेळाच्या संघातल्या विद्यार्थ्याला, आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या कर्मचाऱ्यांनाही, प्रवेश फी आणि बक्षीस असलेल्या पूलमध्ये भाग घेता येत नाही. दहा डॉलरसाठी तिची खेळण्याची पात्रता धोक्यात येऊ शकते. तिच्यासाठी आणि घरोघरच्या शाळकरी मुलांसाठी वेगळा, बिनपैशांचा ग्रुप काढा, आणि त्याबद्दलही तिने आपल्या कॉलेजच्या नियम बघणाऱ्या कार्यालयाला एकदा विचारून घ्यावं. पुण्याच्या मित्रालाही याच ग्रुपमध्ये घ्या. भारतात २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आहे, तेव्हा त्याच्याकडून पैसे घेऊच नका, ‘तुझे मी भरतो’ असंही नको. त्याला एवढंच सांगा की मार्चमध्ये ईस्टर्न वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते: दुपारी बारा म्हणजे त्याचे रात्रीचे साडेनऊ. ब्रॅकेट भरून जेवायला बसता येईल.

२२ जणांचे २२० डॉलर असे वाटा: पहिल्याला ११०, दुसऱ्याला ५५, तिसऱ्याला २५, सगळ्यात शेवटच्याला त्याचे १० परत. उरले २०. ते दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा, आणि शुकशुकाटावरचा खरा उपाय तोच. पहिल्या रविवारी रात्री १६ संघ उरतात आणि १५ सामने. सगळ्यांनी, अगदी रसातळाला गेलेल्यांनीही, कोऱ्या पाटीवर नवीन छोटं ब्रॅकेट भरायचं. गुण २-३-५-८, मुदत गुरुवारी दुपारी चार, वेगळी वर्गणी नाही. ज्यांचा विजेता बाद झालेला असतो तेच यात सगळ्यात जोरात उतरतात. दर फेरी संपली की ग्रुपवर चार ओळींचा निरोप टाका, पण नुसता क्रमांक नको. ‘आघाडीवर ८८ गुण. सतराव्या नंबरावरच्या व्यक्तीला अजून ६१ मिळू शकतात, तिचे चारपैकी तीन संघ शिल्लक आहेत. आज रात्रीच्या दुसऱ्या सामन्यात आठ जण एका बाजूला, चौदा दुसऱ्या.’ असा निरोप वाचून माणूस टीव्ही लावतो. अजून किती गुण शक्य आहेत हा आकडा अ‍ॅपवर तयारच मिळतो.

क्रिकेटवाल्यांना भीती वाटत असते की आपल्याला काही येत नाही. त्यांना सांगा की ६३ सामन्यांचं ब्रॅकेट नाणेफेकीने भरायचं तर ९२ वर १७ शून्यं इतक्या शक्यता होतात, आणि २०१९ साली ओहायोतल्या एका माणसाचे पहिले ४९ अंदाज बरोबर आले तर त्याची देशभर बातमी झाली. चुकायचं सगळ्यांनाच असतं. भरायची सोपी रीत म्हणजे शेवटाकडून सुरुवात करणं. आधी विजेता ठरवा, तो पहिल्या मानांकनाच्या चार संघांतून घ्या: २०१७ ते २०२५ मधल्या आठ स्पर्धांत सात विजेते पहिल्या मानांकनाचे होते, अपवाद २०२३ चा कनेटिकट, चौथं मानांकन. पण चारही पहिली मानांकनं शेवटच्या चारांत लिहू नका. १९८५ ते २०२५ मध्ये तसं फक्त २००८ आणि २०२५ ला झालं. दोन घ्या, बाकीचे दोन दुसऱ्या ते चौथ्या मानांकनातून. मग पहिल्या फेरीत या. पहिल्या मानांकनाचे संघ सरळ पुढे न्या: त्याच काळातल्या १६० सामन्यांत सोळाव्या मानांकनाने दोनदाच जिंकलं, २०१८ ला यूएमबीसीने व्हर्जिनियाला आणि २०२३ ला तुमच्याच राज्यातल्या फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवून. पंधराव्याने ११ वेळा. बाराव्यांपैकी एक किंवा दोन निवडा, चारही नाही. आणि ज्या विद्यापीठात एमएस केलं त्याला प्रेमापोटी अंतिम फेरीत नेण्याचा मोह मोठा असतो; तो पहिल्या दोन फेऱ्यांपुरताच ठेवायला सांगा.

अंतिम सामना सोमवारी रात्री उशिरा संपतो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत बक्षिसं पाठवून टाका, चारही-पाचही व्यवहारांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर ठेवा, आणि याच निरोपात कुणाला नियमांत काय बदलावंसं वाटतं ते विचारा. तेव्हा सगळ्यांना सगळं ताजं आठवत असतं. आलेल्या सूचना लगेच नियमांच्या कागदाखाली लिहून ठेवा, त्यावर निर्णय मात्र पुढच्या फेब्रुवारीत घ्या.